लढाऊ जमात: परग्रहावरचे योद्धे आणि सोलापूरचं सेटलमेंट

आमचा स्टुडिओ सोलापूरच्या पूर्व भागात एका घराच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली मालकांचे टॉवेलचे माग चालतात. क्लायंटचा कॉल असला की आम्ही खिडक्या लावून घेतो, तरी खटखट फरशीतून वर येतेच. आम्ही पाच जण आहोत. बाहेरच्या गेम कंपन्यांना पात्रांची चित्रं, थ्रीडी मॉडेल, टेक्श्चर (कातडी-कपड्यांचा पोत) आणि रिगिंग (मॉडेल हलवता यावं म्हणून आत बसवायचा सांगाडा) करून देणं हे आमचं काम. मी मूळचा कलाशिक्षक. पात्राचं पहिलं चित्र बहुतेक वेळा माझ्या हातून निघतं, त्यामुळे या प्रकरणात जे चुकलं त्याची सुरुवातही माझ्याच हातून झाली.

हे सविस्तर लिहितोय कारण या धंद्यात येणारी आपल्याकडची मुलं दरवर्षी वाढताहेत आणि 'परग्रहावरचा योद्धा' हा त्यांच्या पोर्टफोलिओतला जवळजवळ ठरलेला विषय असतो. सांगाडा कसा घडवायचा हे शिकवणारे व्हिडिओ हजारो आहेत. त्या सांगाड्यावर आपण नक्की कुणाचा चेहरा चढवतो, हे विचारणारं कुणी भेटत नाही.

काम काय आलं होतं

क्लायंट परदेशी होता, त्याचं नाव देत नाही. गेम अवकाशातल्या वसाहतींवरचा, नेमबाजीचा. ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी मागणीत, एका जमातीची पाच पात्रं मागितली होती: साधा सैनिक, लांबून नेम धरणारा, अंगानं धिप्पाड आणि पुढे घुसणारा, मांत्रिक, आणि सरदार. उंची दोन मीटर चाळीस. प्रत्येक पात्र तीस हजार ट्रायअँगलच्या, म्हणजे मॉडेल ज्यांचं बनतं त्या छोट्या त्रिकोणांच्या, आत. पाचही जणांना एकच सांगाडा, म्हणजे चालणं, पळणं, पडणं एकदा केलं की सगळ्यांना लागू. आणि मुख्य अट अशी की चाळीस मीटरवरून दिसल्याबरोबर खेळणाऱ्याला कळलं पाहिजे, हा शत्रू आहे आणि त्यातला कोणता आहे.

या अटींबद्दल माझी तक्रार नाही. खेळात शत्रू ओळखायला डोळ्याला अर्धा सेकंदही मिळत नाही. २००७ साली आलेल्या 'टीम फोर्ट्रेस २' मध्ये नऊच्या नऊ पात्रं नुसत्या काळ्या आकारावरून ओळखू येतात, आणि तो खेळ आजही आम्ही नव्या मुलांना धडा म्हणून दाखवतो. हा काळा आकार, म्हणजे सिल्हूट, स्पष्ट नसेल तर बाकीचं सगळं काम पाण्यात.

स्वभावाबद्दल मात्र ब्रीफमध्ये एकच ओळ होती: शूर, क्रूर, टोळीनं राहणारे, इभ्रतीपायी जीव देणारे. बाकीचं मूडबोर्डवर, म्हणजे नमुन्याच्या चित्रांच्या फलकावर, सोडलं होतं. त्यावर साठेक चित्रं. माओरी माणसांच्या चेहऱ्यावरचं गोंदण, झुलूंच्या ढाली, उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांचे पिसांचे शिरपेच, सामुराईंची चिलखतं, जटा, हाडांच्या माळा, आणि कोपऱ्यात दोन जुने कृष्णधवल फोटो. त्यातल्या एकात चार माणसं ओळीनं उभी होती. अंगावर धड कपडे नाहीत, मागे पांढरा पडदा, बाजूला उंची मोजायची पट्टी.

मी तो बोर्ड पाहिला आणि कामाला लागलो. खरं सांगायचं तर मला तो छान वाटला. एवढा पोत, एवढे आकार, एवढी पिसं आणि कातडी! चित्रकाराचा हात अशा ठिकाणी आपोआप चालतो.

तीन आठवड्यांत पहिली फेरी गेली. पुढे आलेला जबडा, जाड भुवया, पसरट नाक, काळपट तपकिरी कातडी, गालांवर वळणदार गोंदण, पाठीवर पिसं, गळ्यात हाडं. क्लायंटचा फीडबॅक दोन दिवसांत आला आणि तो चांगला होता. पाचही पात्रं मंजूर. मॉडेलिंग सुरू करा.

हरकत

मॉडेलिंग करणारी मुलगी आमच्याकडे चार वर्षं आहे. ती सेटलमेंट भागात राहते. सरदाराचं डोकं घडवायला बसली आणि दोन तासांनी मला हाक मारली.

"सर, याचा रंग वेगळा का आहे?"

मी म्हटलं, सरदार आहे, जरा उठून दिसायला हवा.

तिनं पाचही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि नुसत्या कातडीचा रंग ड्रॉपरनं उचलून खाली पाच चौकोन भरले. चार चौकोन जवळजवळ सारखे. पाचवा दोन छटा उजळ. मग तिनं नाकांभोवती लाल गोल काढले. चार पसरट आणि एक सरळ. सरदाराच्या भुवया बारीक होत्या, कपाळ मोकळं होतं.

ब्रीफ पुन्हा उघडून पाहिलं. सरदाराच्या रंगाबद्दल किंवा नाकाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. सातासमुद्रापारच्या क्लायंटनं हे मागितलंच नव्हतं. ते इथे, या खोलीत, माझ्या हातातून उतरलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये राक्षसाचं काम कोणत्या मुलाला द्यायचं हे आम्ही शिक्षक कसं ठरवायचो, ते मला त्या क्षणी आठवलं. वर्गातला सगळ्यात सावळा मुलगा, आणि त्यालाही वर काजळ. राजाच्या पोराला पावडर. वीस वर्षं मी मुलांच्या चेहऱ्यांना तसे रंग लावले होते.

ती पुढे म्हणाली, "आणि तो फोटो बोर्डवरून काढा." उंचीच्या पट्टीचा. "असा फोटो आमच्या आजीच्या वडिलांचा काढला असणार."

इथे थोडं थांबून सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार, असं तो धरून चालत होता. पुढे १९११ च्या कायद्यानं तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. अशा जमातींच्या माणसांना तारेच्या कुंपणाआड ठेवायला वसाहती काढल्या. सोलापूरची वसाहत त्यातली एक. आत हजेरी, बाहेर जायला परवानगी, आणि दिवसभर गिरण्यांत काम. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन पाळतात. कुंपण गेलं तरी त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. रिक्षावाल्यालाही तेच नाव सांगावं लागतं.

त्याच राजवटीनं १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या फोटोंचे आठ खंड छापले होते. प्रत्येक फोटोखाली ही माणसं कशी असतात याचं वर्णन. कुणी लबाड, कुणी आज्ञाधारक, कुणी भांडखोर. आमच्या बोर्डवरचा फोटो कुठला होता हे त्यावर लिहिलेलं नव्हतं, पण तो काढण्याची रीत तीच. माणूस ओळीत उभा करायचा, मोजायचा, आणि खाली एक ओळ लिहायची.

आमच्या ब्रीफमध्येही एकच ओळ होती.

आणि शब्दाचं तर मला फारच लागलं. ऑफिसात आम्ही या पाच पात्रांना तीन आठवडे 'लढाऊ जमात' म्हणत होतो. फोल्डरचं नावही तेच. जन्मानं गुन्हेगार ठरवलेली जमात आणि जन्मानं लढवय्यी ठरवलेली जमात, दोन्हीकडे शब्द तोच. १८५७ नंतर इंग्रजी लष्करानं कोण लढाऊ आणि कोण नाही याच्या याद्या केल्या होत्या. १८१८ साली कोरेगावला लढलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात थांबवली ती याच विचारानं. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. माणसं तीच, मधल्या काळात कागदावरची ओळ तेवढी बदलली होती. शूर म्हणणं हा मान आहे असं आपल्याला वाटतं. पण यादी करणाऱ्याच्या हातात तोही शिक्काच असतो, आणि ज्याच्या कपाळी शूर लिहिलं त्याला दुसरं काही होता येत नाही.

गेममध्ये हे कुठून आलं

त्या संध्याकाळी काम बंद ठेवून आम्ही पाचही जण बोलत बसलो. परग्रहवासी शत्रू खेळात आले तेव्हा ते माणसासारखे नव्हतेच. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स' मधली रांग आठवा. ऑक्टोपस, स्क्विड, खेकडे. मोजक्या ठिपक्यांत बसणारे समुद्री जीव. त्यांच्यामागे कुठलीही माणसं दिसत नाहीत.

पुढे मशिनची ताकद वाढली, गोष्टी आल्या, शत्रू दोन पायांवर उभा राहिला. यात पैशाचा हिशेब मोठा आहे. माणसाच्या प्रमाणाचा सांगाडा ठेवला की माणसांसाठी केलेल्या हालचाली त्याला बसवता येतात. सहा पायांचा प्राणी घ्यायचा म्हणजे प्रत्येक हालचाल नव्यानं. म्हणून अंग माणसाचं राहतं आणि वेगळेपणा दाखवायचं सगळं ओझं चेहरा, कातडी, दागिने आणि आवाजावर येऊन पडतं. तिथे मग चित्रकार जवळ जे सापडेल ते उचलतो, आणि जवळ सापडतात त्या दुसऱ्या कुणाच्या तरी खऱ्या खुणा.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ सालचा. त्यातले टॉरेन म्हणजे बैलाचं तोंड असलेले धिप्पाड लोक, पण त्यांचे टोटेम खांब, पिसं आणि तंबू थेट अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेले. ट्रोल बोलतात कॅरिबियन बेटांच्या हेलानं. सोलापुरातला पोरगा तो हेल ऐकून हसतो, पण तो हेल कुणाच्या तरी आईचा आहे हे त्याला ठाऊक नसतं. आपला सोलापुरी हेल सिनेमात नेहमी रखवालदाराच्या नाहीतर विनोदी नोकराच्या तोंडी येतो, तेव्हा मात्र तो आपल्याला बरोबर लागतो.

'हेलो' चं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. २००१ च्या पहिल्या भागात एलीट नावाचे योद्धे आहेत. चार फाकांचा जबडा, मागे वळलेले गुडघे, उंच, चपळ. सिल्हूट म्हणून ते अप्रतिम आहेत, यात वाद नाही. पहिल्या भागात त्यांचं बोलणं कळत नाही, ते फक्त गुरगुरतात. २००४ च्या दुसऱ्या भागात त्यांच्यातलाच एक जण खेळणाऱ्याच्या ताब्यात येतो, आणि आता ते समजेल असं बोलतात, भांडतात, त्यांच्यात शंका असते. चेहरा तोच आहे. बोलता यायला लागल्याबरोबर तो राक्षस राहत नाही. आमच्या रिगिंगवाल्या मुलानं लहानपणी दोन्ही भाग खेळले होते. तो म्हणाला, "पहिल्यात मी त्यांना मोजायचो. दुसऱ्यात नावानं ओळखायला लागलो."

'मास इफेक्ट' मधले क्रोगन हे तर लढाऊ जमातीचं पाठ्यपुस्तक. कुबड, खवले, राग, रक्ताची तहान. पण तिथल्या लेखकांनी त्या रागाला कारण दिलं. इतरांनी त्यांची संख्या आवरायला त्यांच्यावर एक रोग सोडलेला आहे, मुलं जगत नाहीत, आणि उरलेले लोक भाड्यानं लढतात. गंमत म्हणून नव्हे, भविष्यच नाही म्हणून. तरीही २००७ आणि २०१० च्या दोन भागांत जिवंत क्रोगन बाई एकदाही दिसत नाही. ती दिसते २०१२ च्या तिसऱ्या भागात, आणि ती बोलायला लागते तेव्हा त्या जमातीत घर, वंश, शहाणपण अशा गोष्टी असतात हे प्रथमच नीट डोळ्यांसमोर येतं. बाईच दाखवायची नाही, हीसुद्धा एखाद्या जमातीला नुसतं लढाऊ करायची सोपी युक्ती आहे. आमच्या पाच पात्रांतही बाई नव्हती. हे त्या संध्याकाळपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, मॉडेलिंगवालीच्यासुद्धा.

अलीकडे काही ठिकाणी वेगळी वाट दिसते. २०२० च्या 'एक्सकॉम: किमेरा स्क्वॉड' मध्ये आधीच्या भागांतले शत्रू एका शहरात माणसांबरोबर राहतात, पोलिसांच्या तुकडीत काम करतात. 'डेस्टिनी २' मध्ये २०२१ साली ज्यांना वर्षानुवर्षं गोळ्या घातल्या त्याच एलिक्स्नी नावाच्या परग्रहवासींची एक टोळी माणसांच्या शहरात निर्वासित म्हणून येते, आणि गोष्ट खेळणाऱ्याला त्यांचा शेजारी करते. म्हणजे बाजारात हे चालत नाही असं कुणी म्हणू नये.

पुन्हा पहिल्यापासून

क्लायंटला मी पत्र लिहिलं. दोन आठवडे मागितले, जादा पैसे मागितले नाहीत, कारण चूक माझी होती. कारण स्पष्ट लिहिलं: चेहऱ्यावरचं गोंदण माओरींमध्ये त्या माणसाची वंशावळ सांगतं, ते आम्ही नक्षी म्हणून राक्षसाच्या गालावर छापलं आहे. पिसांचा शिरपेच मान म्हणून मिळवावा लागतो, तो आम्ही साध्या सैनिकांना वाटला आहे. खेळ विकला गेल्यावर कुणी बोट ठेवलं तर ते तुमच्यावर येईल. शेवटचं वाक्य त्यांच्या निर्मात्याला पटलं असावं. दोन आठवडे मिळाले.

बोर्डवरून जिवंत माणसांचे सगळे फोटो काढले. रिकाम्या बोर्डासमोर बसल्यावर रिगिंगवाला म्हणाला, "दादा, ही माणसं लढत नसतात तेव्हा करतात काय?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. म्हणून आम्ही खाली गेलो.

खाली मागावर धागा तुटला होता. माग थांबला. चालवणाऱ्या काकांनी कमर पुढच्या बीमला टेकवली आणि अंग वाकवून दोन्ही हात आत घातले. डोळे जवळ नेले नाहीत. बोटांनीच तुटलेलं टोक शोधलं, दुसरा धागा घेतला, अंगठा आणि तर्जनीत फिरवून गाठ मारली, उरलेलं टोक तोडलं, फणीतून ओढून घेतलं आणि माग सुरू केला. सगळं मिळून चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ. मी ते दहा वर्षं रोज बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

जमातीचं कामच ठरलं. त्यांच्या ग्रहावर धूळ सतत उडते, धातू गंजतो, म्हणून ते दगडाच्या तंतूंपासून चिलखत विणतात. चिलखत फाटतं आणि जो तो आपलं आपण रफू करतो. हातांना चार बोटं, त्यातले दोन अंगठे, समोरासमोर. गाठ मारायला. तोच हात बंदूकही धरतो.

आता ओळख पटायची अट. आधी ती आम्ही नाकाजबड्यावर टाकली होती. आता ती अंगावरच्या सामानावर टाकली. सैनिकाच्या मनगटावर तंतूची छोटी कांडी. नेमबाजाच्या पाठीवर एक लांब सडपातळ नळी. धिप्पाड गड्याच्या खांद्यांवर आडवा बीम, त्यामुळे त्याचा आकार लांबून 'टी' सारखा दिसतो. काळ्या आकृत्या करून पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या केल्या, पाचही ओळखू आले. पहिल्या फेरीपेक्षा जास्त स्वच्छ. ज्यांना वाटतं की असला विचार केला की डिझाइन मऊ पडतं, त्यांनी हे स्वतः करून पाहावं.

चेहऱ्यावरून नाक पूर्ण काढलं. श्वास मानेच्या घड्यांतून. डोळे जरा बाजूला. कातडीच्या सहा छटा ठरवल्या आणि मटेरियलमध्ये, म्हणजे कातडीचा रंग ठरवणाऱ्या मांडणीत, एक आकडा ठेवला, जो खेळात प्रत्येक वेळी आपोआप बदलतो. सरदाराला कोणती छटा येईल हे आता कुणाच्याच हातात नाही. मशिनवर याचा भार जवळजवळ शून्य.

चालण्यावर मात्र आमच्यात वाद झाला. रिगिंगवाला दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जातो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ती उंच काठी कमरेशी तोलून चालतात तेव्हा पावलं आखूड पडतात, गुडघे मोडते राहतात, मान वर आणि सगळा जीव कमरेत. त्याला आमच्या धिप्पाड गड्याला तीच चाल द्यायची होती. टेक्श्चर करणारी आमची ताई म्हणाली, "काठी घ्यायची नाही. ती देवाची आहे. कोणीतरी परदेशात बसून तिला गोळी घालणार, मला चालणार नाही." तो म्हणाला, मी काठी मागतच नाहीये, चाल मागतोय. अर्धा तास गेला. मला दोघांचंही पटत होतं. माओरींच्या गोंदणाबद्दल आम्ही जे पत्रात लिहिलं होतं ते आपल्या देवाच्या बाबतीत विसरायचं कसं? शेवटी मिरवणुकीचे व्हिडिओ बाजूला ठेवले. गच्चीवर मांडवाचा एक बांबू होता. रिगिंगवाल्यानं तो कमरेला टेकवून स्वतः वीस फेऱ्या मारल्या, आम्ही दोन मोबाईलवर चित्रण केलं. ओझं माणसाला जसं चालवतं तशी ती चाल आली. ताईनं पाहिली आणि मान हलवली.

मांत्रिकाच्या जागी आम्ही एक बाई सुचवली. तळावर बसून चिलखतं दुरुस्त करणारी, आणि खालच्या काकांसारखी कमर टेकवून उभी राहणारी. शिवाय एक म्हातारा आणि एक मूल.

काय टिकलं, काय गेलं

क्लायंटनं चेहरा, रंग, सामान, चाल सगळं घेतलं. गोंदण आणि पिसं काढायला तो लगेच तयार झाला. दुरुस्ती करणारी बाईही घेतली, पण मांत्रिकाच्या जागी नव्हे, सहावं पात्र म्हणून, आणि तिचे पैसे दिले. मांत्रिक राहिलाच. कारण दिलं की खेळणाऱ्यांना तो लागतो. म्हातारा आणि मूल नाकारले. मुलाबद्दलचं कारण रास्त होतं, नेमबाजीच्या खेळात मूल आणणं हा वेगळाच धोका आहे. म्हाताऱ्याबद्दल कारणच दिलं नाही.

एक फीडबॅक तीनदा आला: "हे पुरेसे चिडलेले दिसत नाहीत." यावर मॉडेलिंगवालीनं काढलेला तोडगा मला फार आवडतो. राग तिनं चेहऱ्यात गोठवला नाही, हालचालीत ठेवला. शांत असताना मानेच्या घड्या सैल, हात मनगटाच्या कांडीशी चाळा करणारे. गोळी चालली की घड्या ताठ, खांदे वर. म्हणजे खेळणाऱ्याला आधी दिसतं की हे लोक काहीतरी करत बसले होते, आणि मग दिसतं की आपण आल्यामुळे ते उठले.

हाडांच्या माळा राहिल्या. सरदाराच्या आणि मांत्रिकाच्या गळ्यात आहेत. दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण बिल अडकलं असतं आणि महिनाअखेर जवळ होती. त्या माळा माझ्या हातच्या आहेत आणि त्या मला अजून खुपतात.

आवाज आमच्याकडे नव्हताच. काम संपल्यावर काही महिन्यांनी चाचणीचा व्हिडिओ आला. सगळ्यांनी मिळून पाहिला. चाल बांबूची, बरोबर ओळखू येणारी. मग त्यांनी तोंड उघडलं आणि खर्जातली गुरगुर ऐकू आली. शब्द एकही नाही. रिगिंगवाला काहीच बोलला नाही. मॉडेलिंगवालीनं व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा लावला, आवाज बंद करून, आणि दुरुस्ती करणाऱ्या बाईवर थांबवला. बाई गाठ मारत होती. अंगठे समोरासमोर.

त्या दिवसानंतर आम्ही आमचा कामाचा अर्ज बदलला. क्लायंटकडून कुठलीही जमात, टोळी, वंश आला की चित्र काढायच्या आधी तीन ओळी त्यांच्याकडूनच भरून घेतो: हे लोक पोट कशावर भरतात, यांच्यात कोणत्या गोष्टीवरून आपसात भांडणं होतात, आणि यांच्यातला भित्रा माणूस कसा दिसतो. तिसऱ्या ओळीला उत्तर द्यायला क्लायंटना वेळ लागतो. काहींनी ती कोरी ठेवली. एकानं फोन करून विचारलं की याचा चित्राशी काय संबंध. मी त्याला बांबूचा व्हिडिओ पाठवला.

गेल्या महिन्यात त्याच क्लायंटचं पुढचं काम आलं. फोल्डरचं नाव 'व्यापारी जमात'. चार पात्रं, बुटकी, वाकलेली, लांब बोटांची. स्वभावाची ओळ: लोभी, चिवट, विश्वास ठेवू नये असे. मूडबोर्डवर आकडेबाज नाकं. मॉडेलिंगवालीनं फाईल उघडली, अर्ज जोडला आणि पहिल्या ओळीपुढे स्वतःच लिहिलं: "घेतात कुणाकडून आणि देतात कुणाला?" उत्तर अजून यायचं आहे.